मेंढ्याची गोष्ट

चौथी खुर्ची वेटरनं उचलली आणि तो ती शेजारच्या टेबलाकडं नेणार, तोच मागून आवाज आला, “ऱ्हाऊ द्या ती. मी बसनार हाय.”

लालासाहेबानं मान वळवली. दारातल्या उजेडात आधी नुसती एक कापडी पिशवी दिसली, मग फिक्या काठाचं पातळ, डोक्यावरचा पदर, आणि मोकळं कपाळ. साळूबाई. जोतिबाची बायको. धैर्यशील आणि बाळासो दोघंही उठून उभे राहिले, तेव्हा आपणही उठायला हवं हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. अर्धवट उठून तो परत बसला. जोतिबाच्या तेराव्याला तिघं मिळून कडेगावला गेले होते. निघताना बाळासो दारात चप्पल घालता घालता बोलून गेला होता, “वहिनी, गुरवारची जोतिबाची जागा मोकळी ठेवायची न्हाई आमाला. तुमी येत जावा.” तशा वेळी काहीतरी बोलावं लागतं, म्हणून माणूस बोलतं. ते धरून कुणी जेवायला येत नाही. साळूबाई मात्र कडेगावातून सकाळची एस.टी. धरून, स्टँडवर उतरून, हायवेवरचं हे हॉटेल विचारत विचारत आल्या होत्या आणि आता जोतिबाच्या खुर्चीवर, लालासाहेबाच्या बरोबर समोर, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “लय मोठं हाय की,” त्या छताकडं बघत म्हणाल्या. “मला वाटलं, खानावळ आसंल.”

महिन्यातला दुसरा गुरुवार. अकरा वर्षं. चौघंही मोजणी खात्यातले, पुढंमागं दोन वर्षांत निवृत्त झाले. लालासाहेब साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, धैर्यशील सांगलीला मुलाकडं, बाळासो त्याच्या लोणंदला, जोतिबा कडेगावला. सगळ्यांना कराड मध्ये पडतं, म्हणून कराडच्या अलीकडचं हे ‘सह्यकिरण’. गुरुवार म्हणून आख्खा मसूर, भाकरी, ठेचा, शेवटी भात आणि ताक. जेवण दोन तास चालायचं आणि त्यातला दीड तास लालासाहेब बोलायचा. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. धैर्यशीलनं टेबलावर थाप मारून हसायचं, बाळासोनं “आन मग?” म्हणायचं, आणि लालासाहेबानं सांगायचं. सांगायचं म्हणजे बहुतेक वेळा जोतिबाबद्दलच. जोतिबा धनगराचा. बाप पावसाळा सोडून आठ महिने मेंढरं घेऊन कोकणपट्टीत जायचा. जोतिबा शिकला, सरकारी नोकरीला लागला, पण तालुक्याच्या गावात पहिल्यांदा दाढीचं दुकान बघितलं तेव्हा ‘हितं लोकर कातरत्यात का’ असं त्यानं विचारलं, ही गोष्ट लालासाहेबानं रचली होती. रचलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. जोतिबाही हसायचा. तोंडापुढं मूठ धरून, खांदे हलवत, आवाज न करता. लालासाहेबाला त्या मुठीची सवय झाली होती. ती वर जाईपर्यंत तो थांबत नसे. जोतिबाला आवडतं, असं तो घरी बायकोला, मंगलला सांगायचा. आवडत नसतं तर माणूस अकरा वर्षं कशाला येईल?

साळूबाईंनी भाकरी मोडली, मसूर लावून घास घेतला आणि सावकाश चावत राहिल्या. चवीनं जेवत होत्या. लालासाहेबाला ते कसंसंच वाटलं. नवरा जाऊन दोन महिने झालेली बाई हॉटेलात जेवताना कशी जेवेल याचं एक चित्र त्याच्या मनात होतं, आणि त्या तशा जेवत नव्हत्या. बाळासो त्यांना मुलाचं विचारत होता. मुलीचं, रेश्माचं लग्न झाल्यावर मुलगा शिवतेज पुण्यात कंपनीत लागला, सहा महिन्यांतनं एकदा येतो, घरात त्या एकट्याच. “सैपाक करू वाटत न्हाई एकटीपुरता,” त्या म्हणाल्या. “हितलं चांगलं हाय. ह्ये म्हनायचे, मसुराला धूर लावत्यात.” मग भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून त्या समोर बघत म्हणाल्या, “भावजी, ती मेंढ्याची गोष्ट सांगा की.”

“कुठली?” लालासाहेब म्हणाला.

“ती न्हवं का. लोणंदाकडं मोजनीला गेला हुता. तुमी लय झ्याक सांगता म्हनं. मी कवा ऐकली न्हाई तुमच्या तोंडनं.”

“सांग रं, सांग,” धैर्यशील म्हणाला आणि आधीच पुढं सरकून बसला. “वहिनींनी कुठं ऐकलीय.”

लालासाहेबानं पाण्याचा ग्लास उचलला. नको, आज नको, असं म्हणता आलं असतं. जोतिबाचं नाव घेऊन गळा दाटल्यासारखं करता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही झालं नसतं. पण समोर तीन माणसं आपल्याकडं बघताहेत म्हटल्यावर त्याच्या जिभेला जे व्हायचं तेच झालं. ती आपली आपण सुटली. उन्हाळ्याचे दिवस, दोन चुलतभावांची हद्द, मध्ये विहीर. जोतिबा मोजणीचं टिपण हातात घेऊन बांधावर उभा. आणि तिकडून येतो मेंढा. केवढा, तर वासराएवढा. डोकं खाली घालून. आता मेंढरात जन्मलेला माणूस, त्यानं मेंढ्याची शिंगं धरून त्याला बसवायला नको? तर हा पठ्ठ्या टिपण छातीशी धरून पळत सुटला! पुढं हा, मागं मेंढा, बांधावरून खाली, पाटात, चिखलात, पँट गुडघ्यापर्यंत ओली, आणि ओरडतोय कुणाच्या नावानं, तर ‘लालासाहेब, लालासाहेब’. मग मी उतरलो गाडीतून. काठी घेतली. मेंढ्याच्या पाठीत दोन हाणल्या… लालासाहेबाचा उजवा हात नेहमीच्या जागी वर गेला, नेहमीच्या जागी खाली आला, धैर्यशीलची थाप टेबलावर पडली, ठेच्याची वाटी हलली. आणि बोलता बोलताच, एका बाजूला, जिभेशी काही संबंध नसल्यासारखं, त्याला ती कडी आठवत होती. अँबॅसडरच्या दाराला आतून असलेली, फिरवून काच वर न्यायची कडी.

गाडी त्या दोघांतल्या थोरल्या चुलतभावाची होती. मोजणीवाल्यांना नेण्याआणण्याची गाडी अर्जदारानं द्यायची पद्धतच होती. साहेब म्हणून लालासाहेब लिंबाच्या सावलीत मागच्या सीटवर बसला होता. ड्रायव्हर पुढं. जोतिबानं जुन्या टिपणाप्रमाणं हद्दीवर चुना टाकला आणि विहीर धाकट्याकडं गेली. मग थोरल्याची सात माणसं उभी राहिली. पहिली काठी बसली तेव्हा आवाज गाडीपर्यंत आला, ओल्या घोंगडीवर बसावी तसा. जोतिबानं एकदा गाडीकडं पाहिलं. हाक मारली नाही. नाव घेऊन ओरडला हे लालासाहेबानं नंतर घातलं, गोष्टीला बरं पडतं म्हणून. लालासाहेबानं कडी फिरवायला घेतली. सात-आठ फेरे लागले. काच शेवटी थोडी अडकली, तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं ती वर ढकलली, ते काचेचं गरम टोक अजून त्याच्या बोटांना कळत होतं. “गाडी काढ,” तो म्हणाला. ड्रायव्हरनं आरशातून त्याच्याकडं बघितलं आणि किंचित हसला. ड्रायव्हर थोरल्याचाच होता. लालासाहेबाच्या घरात, गावाकडं, सोप्यात ओळीनं फोटो लावलेले. आजा हवालदार, बाप सुभेदार, थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईला जाऊन आलेला. भरतीत लालासाहेबाची छाती भरली नव्हती. फुगवून फुगवून तो निळा पडला होता आणि मोजणाऱ्यानं टेप काढून पुढच्याला बोलावलं होतं. बाप घरी एवढंच म्हणाला होता, “बघू, सरकारी नोकरी बघू.” वीस मिनिटांनी ते परत आले तेव्हा माणसं गेली होती. जोतिबा बांधावर बसला होता. टिपण शर्टाच्या आत घातलेलं, तेवढं फाटू दिलं नव्हतं. पँट ओली होती. आसपास पाट नव्हताच. उन्हाळ्यात त्या वाडीत पाणी फक्त विहिरीत होतं.

संध्याकाळी कचेरीत हेडक्लार्कनं विचारलं, काय रे, हे काय झालं, आणि लालासाहेबानं तोंड उघडलं तेव्हा त्यातून मेंढा बाहेर आला. कुठून आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पाचसहा जण खो खो हसले. जोतिबानं त्याच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग मूठ तोंडापुढं नेऊन तोही हसला. ते हसणं म्हणजे सही होती, असं लालासाहेबानं धरलं. तक्रार झाली नाही. आठ दिवसांनी मोजणी पुन्हा झाली, ती लालासाहेबानं केली, आणि नकाशावर विहीर एका रेघेनं थोरल्याच्या बाजूला गेली.

“…तवापासनं,” तो आता सांगत होता, “जोतिबाच्या पुढं लोकरीची टोपी जरी ठेवली तरी गडी दोन पावलं मागं सरायचा!”

हसून धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळासोही हसला आणि मग साळूबाईंकडं बघून थांबला. साळूबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेजारणीकडून लांबच्या लग्नाची हकिकत ऐकावी तसं त्यांनी ऐकलं होतं.

“मेंढा कंच्या रंगाचा हुता?” त्यांनी विचारलं.

“अं? काळा.”

“ह्ये म्हनायचे, कवा काळा सांगत्यात, कवा पांढरा.” त्यांनी उरलेला भाकरीचा तुकडा मसुरात बुडवला. “मेंढा न्हवता तितं. सात मान्सं हुती.”

बाजूच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, त्यातलं मूल मोबाईलवर कसलं तरी गाणं लावत होतं, बंद करत होतं, पुन्हा लावत होतं.

“मी प्यांट धुतली ना त्येंची,” साळूबाई म्हणाल्या. “तवा मला कळलं. चिखूल न्हवता तिला. पाठ शेकली पंधरा दिस. मग यका रात्री आपनहून बोलले. तुमी गाडीत हुता म्हनाले, काच वर केली म्हनाले. पर त्यो तरी काय करनार, यकटा हुता, आसंबी म्हनाले.” त्यांनी घास गिळला, पाणी प्यायल्या. “मला जरा भात सांगा कुनीतरी.”

धैर्यशीलनं वेटरला हात केला. “वहिनी, लय जुनं झालं आता ते,” तो म्हणाला, आणि अगदी थोडं हसला, कुणासाठी ते कळलं नाही. बाळासोनं ठेच्याची वाटी जवळ ओढली आणि तिच्यात चमचा फिरवत राहिला. खरं का रे लाला, असं दोघांपैकी एकानं तरी विचारावं म्हणून लालासाहेब थांबला. खोटं आहे म्हणायला तो तयार होता. बाईमाणूस, दुःखात आहे, काहीतरी ऐकीव धरून बसली आहे, सगळी वाक्यं जिभेवर आली होती. कुणी विचारलं नाही. बाळासो एकदा वर बघून पुन्हा वाटीत बघू लागला, आणि त्या बघण्यात आश्चर्य नव्हतं. आश्चर्य का नाही? ह्यांना ठाऊक होतं? किती वर्षांपासून? हा विचार आला तसं लालासाहेबाच्या कानांवर उष्ण काहीतरी चढलं. म्हणजे अकरा वर्षं हे दोघं जोतिबाला हसत होते की… भात आला. साळूबाईंनी त्यावर ताक ओतून घेतलं.

निघताना त्यांना स्टँडवर सोडायचं म्हणून त्यानंच गाडी पुढं आणली. न सोडावं तर दोघांच्या समोर बरं दिसलं नसतं. त्या पुढच्या सीटवर बसल्या, पिशवी पायांशी ठेवली. त्यानं ए.सी. लावला. थोडं गेल्यावर त्या म्हणाल्या, “ही काच खाली करा की भावजी. मला गाडीत मळमळतंय.” त्यानं बटन दाबलं. हायवेची धूळ आणि ट्रकचा धूर आत आला. कोल्हापूर नाक्याच्या अलीकडं वाहनं तुंबली होती, तिथं त्याला राहवलं नाही.

“वहिनी, तुम्ही हे आज का काढलं?”

“मी कुटं काडलं? तुमीच सांगितलं सगळं. मी नुसता मेंढा काडून घेतला त्यातनं.”

“जोतिबाला एवढं लागलं होतं, तर तो येत का होता? मी काय त्याला ओढून आणत नव्हतो.” आपला आवाज चढला आहे हे त्याला ऐकू आलं.

साळूबाई बाहेर बघत होत्या. उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन शेजारून सरकत होता. “मीबी इचारलं हुतं यकदा,” त्या म्हणाल्या. “गुरवारी आले की सांच्याला जेवत नसत. भिताडाकडं तोंड करून पडायचे. म्हनलं, नगा जाऊ, कुनी जबरी केलीया? तर म्हनाले, न्हाई गेलो तरी सांगनारच की त्यो. समोर आसल्यावर जरा कमी सांगतो.”

स्टँडवर त्या उतरल्या. दार नीट लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून जोरात लावलं. “जेवान चांगलं हुतं,” त्या खिडकीतून म्हणाल्या. “फुडच्या म्हैन्यात कितवी तारीक पडती?” लालासाहेबानं तारीख सांगितली.

कमी. घरी पोचेपर्यंत तो शब्द त्याच्या डोक्यात दाताखालच्या खड्यासारखा कचकचत राहिला. जोतिबा समोर असताना आपण कमी सांगत होतो का? नसताना काय सांगत होतो? एकदा जोतिबा डोळ्याच्या ऑपरेशनमुळं आला नव्हता, तेव्हा त्या मेंढ्याच्या गोष्टीत आपण अजून काय काय घातलं होतं ते लालासाहेबाला आठवलं, आणि मंगल चहा घेऊन आली तेव्हा तो तिच्यावर उगाचच खेकसला, साखर जास्त आहे म्हणून. साखर नव्हतीच त्यात. त्याला मधुमेह होता. ती कप उचलून आत निघून गेली. आपण वाईट माणूस नाही, हे तो टी.व्ही.समोर बसून स्वतःला समजावत राहिला. सात माणसं होती. उतरला असता तर दोघांनी मार खाल्ला असता. जोतिबा स्वतः म्हणाला, एकटा होता. पण त्या वाक्यानं बरं वाटायच्या ऐवजी त्याला जोतिबाचा राग आला. खरा, कडकडीत राग, मेलेल्या माणसाचा येऊ नये तसा. शिवी दिली असतीस, कॉलर धरली असतीस, वर अर्ज केला असतास. मूठ कशाला धरलीस तोंडापुढं? आणि माफ करून टाकलंस तेही आपल्या बायकोपाशी, मला न सांगता.

पुढच्या महिन्यात साळूबाई आल्या. त्यांनी येताना सगळ्यांसाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती, लालासाहेबाचीही पुडी होती, तेवढ्याच वजनाची. मेंढ्याचं नाव कुणी काढलं नाही. त्या गुडघ्यांबद्दल बोलल्या, गावातल्या पाण्याबद्दल बोलल्या, आणि मसूर दुसऱ्यांदा मागून घेतला. लालासाहेबानं दोनदा तोंड उघडलं. एकदा जुन्या एका साहेबाची नक्कल करायला घेतली, तर “आन मग?” आलंच नाही. समोरच्या डोळ्यांकडं बघून त्याला वाटलं, ह्या आता विचारतील, साहेब कंच्या रंगाचा हुता. नक्कल मध्येच संपली. त्या रिकाम्या जागेत धैर्यशील बोलू लागला. सांगलीच्या पुरात त्याच्या सोसायटीत होडी आली होती त्याची काहीतरी हकिकत, फार लांबलेली. तिला बाळासो हसला. लालासाहेबही हसला, कारण न हसणारा तोच एकटा उरला असता.

म्हणून त्याच्या पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी तो गेला नाही. सर्दी झाली आहे असा मेसेज त्यानं ग्रुपवर टाकला आणि अंगावर शाल घेऊन गॅलरीत बसला, म्हणजे मंगललाही ते खरं वाटावं. समोर अजिंक्यतारा उन्हात पांढुरका पडला होता. साडेबारा वाजले. आता पाणी आलं असेल टेबलावर. आता चौकशी झाली असेल, लाला का नाही आला. आणि मग? मग धैर्यशील काय म्हणेल? वहिनी, ते काचेचं परत एकदा सांगा की. ड्रायव्हर हसला होता हे त्यांना ठाऊक नाही, पण धैर्यशील घालेल. काहीतरी घालेलच. कडीचे फेरे मोजून दाखवेल, हात फिरवून. बाळासो म्हणेल, आन मग? लालासाहेबानं शाल काढून टाकली. पुन्हा घेतली. एक वाजायच्या सुमाराला फोन वाजला. नंबर जोतिबाचा होता. ‘जोतिबा’ असं नाव पडद्यावर पेटलं आणि त्याचा अंगठा क्षणभर हललाच नाही.

“आवं भावजी,” साळूबाईंचा आवाज आला. मागं भांड्यांचे, माणसांचे आवाज. “आमी समदी थांबलोय. मसूर सांगितलाय तुमचा.”

“मला बरं नाही वहिनी. सर्दी…”

“ताक घिऊ नका मग. भाकरी गरम हाय.” मग त्या म्हणाल्या, “ह्येंनी यकदाबी चुकवलं न्हाई, डोळ्याचं आप्रेशन झालं तेवडंच. या तुमी.”

त्यात धमकी होती का? लालासाहेबानं फोन बंद झाल्यावरही तो कानाशी धरून ठेवला. नव्हती. हीच पंचाईत होती. माणूस घरी एकटं जेवतं म्हणून चार माणसांत बोलावावं, तसाच तो आवाज होता. “कुणाचा फोन?” मंगलनं आतून विचारलं. “हॉटेलातनं,” तो म्हणाला आणि शर्ट शोधू लागला. उंब्रज येईपर्यंत त्यानं ए.सी. लावला नाही. तासाभराचा रस्ता, डोळ्यांवर ऊन. मधे एकदा त्यानं गाडीतच हसून बघितलं. तोंड उघडलं, आवाज निघाला, पण तो शिंकेच्या आधी निघतो तसा होता. त्यानं पुन्हा करून बघितलं. मग थोडं कमी करून, नुसते खांदे हलवून.

हॉटेलाच्या पुढच्या बाजूला मोठी काच होती. गाडी लावून तो उतरला तेव्हा ते तिघं त्याला आतून दिसले. थांबले नव्हते. ताटं अर्धी झाली होती. धैर्यशील काहीतरी सांगत होता आणि हात हवेत फिरवत होता, होडी वल्हवत होता की आणखी काही, ते बाहेरून कळत नव्हतं. बाळासो मागं रेलून हसत होता. साळूबाई जेवत होत्या. तो आत गेला, तसा धैर्यशीलचा हात खाली आला.

“कशावर हसताय रं?” लालासाहेबानं विचारलं.

“काय न्हाई गड्या, असंच,” बाळासो म्हणाला. “बस. गार झालं तुझं.”

त्यानं खुर्ची ओढली, बसला, आणि तिघांकडं एकेकदा बघून खांदे हलवत हसला.